पोस्टडॉकची वर्षं कुणाच्या हिशोबात धरायची?

गेल्या रविवारी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. एमएस्सीला ती आमच्या ठाण्याच्या कॉलेजात होती, पुढे जीवरसायनशास्त्रात पीएचडी केली. पदवी मंजूर झाल्याचं विद्यापीठाचं नोटिफिकेशन हातात येऊन वर्ष झालंय. चहा होईपर्यंत तिने पिशवीतून दोन कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक होता नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेचा. पद रिसर्च असोसिएट, म्हणजे पीएचडीनंतर मुदतीवर संशोधन करणारा पोस्टडॉक. मुदत सहा महिने, पुढची मुदतवाढ ‘काम समाधानकारक असल्यास व निधी उपलब्ध असल्यास’. दुसरा कागद ठाण्यातल्याच एका कॉलेजचा, तासिका तत्त्वावर शिकवण्याचा. “मॅडम, कुठलं घेऊ? शुक्रवारपर्यंत कळवायचंय.”

तिचं वय तेहेतीस. घरी सासू-सासरे, दोन वर्षांची मुलगी. नवऱ्याची नोकरी रबाळ्याला. मला पटकन उत्तर देता आलं नाही, कारण बरोबर याच दोन कागदांमध्ये मी 2016 साली उभी होते. मी पहिला कागद उचलला होता. त्या निवडीचा मला पश्चात्ताप नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं संशोधन मी त्या चार वर्षांत केलं. पण त्या चार वर्षांना आपल्या व्यवस्थेत नावच नाही, आणि ते नाव मिळावं म्हणून हा लेख.

पोस्टडॉक म्हणजे काय, हे घरच्यांना समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. आई विचारायची, “अजून शिकतेयस का गं?” पीएचडी होईपर्यंत माणूस विद्यार्थी असतो, प्राध्यापक झाला की नोकरदार. मधला हा माणूस सकाळी नऊला प्रयोगशाळेत येतो, रात्री उशिरा निघतो, ज्युनिअर मुलांना हाताला धरून शिकवतो, पेपर लिहितो, यंत्र बिघडलं तर कंपनीच्या इंजिनिअरच्या मागे लागतो, ग्रँटचा प्रस्ताव गाईडच्या बरोबरीने तयार करतो. हे शिकणं नव्हे, हे काम आहे. पैसे मात्र फेलोशिप या नावाने मिळतात. फेलोशिप म्हटलं की महागाई भत्ता नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, सेवापुस्तिका नाही.

मी लागले तेव्हा केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे 2014 चे दर चालू होते. रिसर्च असोसिएटच्या तीन पायऱ्या, पहिलीला दरमहा 36,000, दुसरीला 38,000, तिसरीला 40,000. शिवाय घरभाडे भत्ता. मुंबई, ठाणे, नवी मुंबई हा सगळा पट्टा वरच्या वर्गातला, म्हणून तो तेव्हा 30 टक्के. माझ्या ऑर्डरीत मात्र ‘एकत्रित’ हा एक शब्द होता. एकत्रित 36,000. म्हणजे घरभाडे त्यातच. माझ्या शेजारच्या बेंचवर बसणारी मैत्रीण दुसऱ्या योजनेतून आली होती. पीएचडी एकाच वर्षी झालेली, काम एकाच प्रकल्पाचं, दोघींचा फ्रीज एक, दोघींचा सेंट्रिफ्यूज एक. तिला घरभाड्याचे 10,800 जास्त. माझ्या कोपरखैरण्याच्या वन आरकेचं भाडं तेव्हा 11,000 होतं. तिचं भाडं भत्त्यातून जायचं, माझं पोटातून.

त्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा होता. घरमालक सज्जन माणूस, पण त्यांनी पगाराची पावती मागितली. माझ्याकडे पावती नव्हती, कारण पगारच नव्हता. संस्थेच्या लेखा विभागाकडून मी ‘यांना दरमहा एवढी रक्कम दिली जाते’ असा शिक्का मारलेला कागद आणला. तो पाहून काका म्हणाले, “म्हणजे कायम नाही का तुम्ही?” मी म्हटलं, सहा महिन्यांची ऑर्डर आहे. मग अकरा महिन्यांचा करार कसा करायचा, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. शेवटी माझ्या भावाने हमी दिली. एकतिसाव्या वर्षी, पीएचडी झालेल्या बहिणीसाठी, पंचविशीतल्या भावाने.

चार वर्षांत मला आठ ऑर्डरी मिळाल्या. प्रत्येक दोन ऑर्डरींच्या मध्ये एक दिवसाचा खंड. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत नसायचे, निदान कागदावर तरी नसायचे. पेशींना खंड कळत नाही, म्हणून मी जाऊन त्यांचं पोषक माध्यम बदलून यायचेच. एका वर्षी मार्चपासून जुलैपर्यंत खात्यात काहीच आलं नाही. आधीच्या वर्षाचा निधी कसा खर्च झाला याचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नव्हतं, म्हणून पुढचा हप्ता अडकला होता. यात माझी चूक काय, हे कुणी सांगू शकलं नाही, आणि कुणाला दोषही देता येईना. लेखा विभाग म्हणे निधी आला की देतो. निधी देणारे म्हणत, कागद आला की देतो. प्राध्यापकांचे पगार मात्र त्या पाच महिन्यांत एक तारखेला होत होते. त्या काळात मी बाबांकडून पैसे घेतले. ते त्यांनी आनंदाने दिले, पण फोनवर मागताना माझा आवाज कसा झाला होता ते मला अजून आठवतं.

आता दरांबद्दल. जानेवारी 2019 पासून पहिली पायरी 47,000 झाली आणि जानेवारी 2023 पासून 58,000. दुसरी 61,000, तिसरी 67,000. या दोन्ही वाढी संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यानंतर आल्या. थंडीत दिल्लीत बसलेल्या त्या मुलामुलींचे उपकार आपण सगळ्यांनी मानले पाहिजेत. पण वाढ झाल्यावर आकडा पुन्हा गोठतो, आणि दुखणं तिथे आहे. 2019 च्या जानेवारीत केंद्राचा महागाई भत्ता 12 टक्के होता, 2023 च्या जानेवारीत 42 टक्के. मधली चार वर्षं पोस्टडॉकचा आकडा 47,000 वर बसून होता. जी वाढ अखेर मिळाली ती टक्केवारीत काढली तर साडेतेवीसच्या आत आहे. नोकरदाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून त्याच काळात सुमारे 27 टक्क्यांनी वाढला, तोही वार्षिक वेतनवाढ बाजूला ठेवून.

सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700. पोस्टडॉकचे 58,000. कागदावर हे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत, आणि बैठकांमध्ये तेच दाखवून विषय मिटवला जातो. जानेवारी 2024 ला महागाई भत्ता 50 टक्के झाला, तेव्हाचा हिशोब मांडते. प्राध्यापकाला 57,700 वर 28,850 महागाई आणि 17,310 घरभाडं, एकूण 1,03,860. प्रवास भत्ता वेगळा. पोस्टडॉकला 58,000 वर घरभाडं 17,400, एकूण 75,400. तेही ऑर्डरीत ‘एकत्रित’ हा शब्द नसेल तरच. त्यानंतरही महागाई भत्ता वाढतच गेला. जानेवारी 2025 मध्ये केंद्राने आठव्या वेतन आयोगाला मंजुरी दिली. तो लागू होईल तेव्हा मूळ वेतन बदलेल आणि फेलोशिप आपोआप हलणार नाही. पुन्हा कुणाला तरी उपोषणाला बसावं लागेल.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे, आणि ती मला स्वतःला फार उशिरा कळली.

2020 मध्ये मी सहायक प्राध्यापक झाले. नियमाप्रमाणे पीएचडी असलेल्याला लेव्हल 10 या सुरुवातीच्या वेतनश्रेणीतून वरच्या लेव्हल 11 मध्ये जायला चार वर्षांची सेवा लागते. माझी पोस्टडॉकची वर्षं बरोबर चार. मी अर्ज केला की ती धरावीत. छाननीत फाइल परत आली. कारण शोधायला मी विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची नियमावली घेऊन बसले. आधीची सेवा धरण्याच्या कलमात तात्पुरत्या आणि कंत्राटी सेवेसाठी अटी आहेत. त्या पदासाठीची पात्रता हवी, ती माझ्याकडे होती. रीतसर निवड समितीने निवड केलेली हवी, तीही होती. आणि तिसरी अट, त्या काळात मिळणारी एकूण रक्कम नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक पगारापेक्षा कमी नसावी.

ही अट मी तीन वेळा वाचली. कंत्राटी शिक्षकांना कमी पैशांत राबवणाऱ्या संस्थांना चाप बसावा, या हेतूने ती घातली असेल, असं मी धरून चालते. पण पोस्टडॉकच्या बाबतीत तिचा अर्थ एवढाच होतो की तुम्हाला पगार कमी दिला, म्हणून तुमची वर्षं मोजायची नाहीत. कमी पगार मी मागितला नव्हता. तो सरकारच्याच परिपत्रकाने ठरवला होता. एका हाताने सरकार दर ठरवतं आणि दुसऱ्या हाताने त्याच दरावर बोट ठेवून अनुभव नाकारतं. वरचा हिशोब पुन्हा पाहा. 75,400 कधीच 1,03,860 होणार नाहीत. म्हणजे या दरावर नेमलेला कुठलाही पोस्टडॉक, कितीही चांगलं काम केलं तरी, या अटीतून पार होऊच शकत नाही.

नेमणुकीच्या वेळी हीच वर्षं निराळ्या रूपात येतात. त्याच नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी उमेदवारांची प्राथमिक यादी करण्याचा गुणतक्ता आहे. त्यात अध्यापन किंवा पोस्टडॉक अनुभवाला वर्षाला दोन गुण आहेत, जास्तीत जास्त दहा. म्हणजे आयोगाला हा अनुभव आहे हे ठाऊक आहे, त्याची किंमतही ठाऊक आहे. आयआयटीत तर सहायक प्राध्यापकासाठी पीएचडीनंतर किमान तीन वर्षांचा अनुभव मागतात, तो नसेल तर खालच्या श्रेणीवर घेतात. शास्त्राच्या विषयात ती तीन वर्षं बहुतेकांची पोस्टडॉकमध्येच जातात. दारात शिरताना तुम्ही ती वर्षं मागता. आत आल्यावर ती पुसता. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि मी ते स्पष्ट म्हणते.

पात्रतेचंही एकदा बघायला हवं. रिसर्च असोसिएटसाठी पीएचडी हवी, किंवा एमटेक, एमफार्मसारख्या पदवीनंतर तीन वर्षांचा संशोधनाचा अनुभव आणि नामांकित जर्नलमध्ये किमान एक पेपर. हे योग्य आहे. पण पीएचडी ‘झाली’ कधी म्हणायची? प्रबंध सादर केल्यापासून सहा महिन्यांत मूल्यमापन पुरं करावं असं नियम सांगतो. प्रत्यक्षात परीक्षकांचे अहवाल यायलाच वर्ष उलटलेली मुलं मी पाहिली आहेत. राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपमध्ये प्रबंध सादर केलेल्यांना अर्ज करता येतो, पण पदवी हातात येईपर्यंत रक्कम कमी. 55,000 ची फेलोशिप होती तेव्हा अशांना 35,000 मिळायचे. उशीर विद्यापीठाचा, कापला जातो उमेदवाराचा खिसा. आणि तोच उशीर वयात मोजला जातो. त्याच फेलोशिपला वयाची मर्यादा 35. महिला आणि मागास प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे, ती चांगलीच आहे. तरी वय मोजण्यापेक्षा पीएचडीच्या नोटिफिकेशनपासून वर्षं मोजली, तर गावाकडून उशिरा शिकायला आलेला, मध्ये दोन वर्षं घर सांभाळलेला, तासिका तत्त्वावर शिकवून पीएचडी केलेला माणूस शर्यतीतून आधीच बाद होणार नाही.

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल सत्ताधारी बाकांवरून आला होता. मुलं दुखावली, गदारोळ झाला, मग विषय मागे पडला. मला तेव्हापासून वाटतंय की त्या प्रश्नाला रागाने उत्तर देण्यापेक्षा लोकांना बोलावून काम दाखवावं. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरची कर्करोग संशोधनाची संस्था आहे. हार्बर लाइनच्या गाडीत त्या रस्त्याने रोज शेकडो रुग्ण आणि नातेवाईक जातात. अशा ठिकाणी एखादी चाचणी, एखादं औषध खाटेपर्यंत पोचतं त्यामागे अनेक वर्षांचं बेंचवरचं काम असतं, आणि देशभरात ते काम मोठ्या प्रमाणावर पीएचडीची मुलं आणि पोस्टडॉक करत असतात.

माझ्या मताला विरोध करणारे बरेचसे माझे मित्रच आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी गांभीर्याने घेते. एक जण स्वतः प्रकल्पाचे प्रमुख. ते म्हणतात, “ग्रँटची रक्कम ठरलेली असते. असोसिएटला प्राध्यापकाएवढे पैसे दिले तर मी असोसिएट घेणारच नाही, जेआरएफ, म्हणजे पीएचडी करणारा कनिष्ठ संशोधक, घेईन.” आत्ताच जेआरएफला 37,000 आणि असोसिएटला 58,000, म्हणजे वर्षाला अडीच लाखांचा फरक. तेवढ्यात रसायनं येतात. त्यांचा हिशोब खरा आहे. दर वाढले आणि ग्रँट तेवढीच राहिली तर जागा कमी होतील, हे मी मान्य करते. तरीही मी म्हणेन, कमी जागा असू देत, पण ती पदं खऱ्या पदासारखी असू देत. आज पाच जणांना अर्धवट आशेवर चार-चार वर्षं ठेवून त्यातले चार जण चाळिशीत कुठेच नाहीत, यापेक्षा तिघांना नीट नेमावं आणि उरलेल्या दोघांना तिसाव्या वर्षीच खरं सांगावं. ते दुसरीकडे वळतील. ठाणे-बेलापूर रस्त्यावर औषध आणि रसायनांच्या कंपन्या आहेत, तिथे पीएचडीला मागणी आहे, पीएफ आहे, पगाराची पावती आहे. तिसाव्या वर्षी तिकडे जाणं सोपं असतं. अडतिसाव्या वर्षी कंपनी विचारते, आत्तापर्यंत काय करत होता?

दुसरं म्हणणं असं की पोस्टडॉक हा प्रशिक्षणाचा काळ आहे, जगभर तो तात्पुरताच असतो. तात्पुरता असायला माझी हरकत नाही. तीन वर्षांचं पद तीन वर्षांनी संपावं. पण ते तीन वर्षांचं असावं, सहा महिन्यांचे सहा तुकडे नसावेत. एकच ऑर्डर, तीन वर्षांची, पहिल्या वर्षाच्या शेवटी कामाचा आढावा. प्रकल्पाचा हप्ता अडकला तर संस्थेने आपल्या निधीतून द्यावे आणि मागाहून वळते करून घ्यावेत. पाच महिने पैशांवाचून राहण्याची ताकद संस्थेत असते, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसात नसते.

विद्यापीठांकडे पैसा नाही, हे तिसरं म्हणणं, आणि राज्यातल्या विद्यापीठांबद्दल ते दुर्दैवाने बरंच खरं आहे. आमच्याकडे मंजूर प्राध्यापकांच्याच जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, तिथे पोस्टडॉकसाठी वेगळं पद मागणं लोकांना चैन वाटते. मला ती चैन वाटत नाही. मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र ठाण्यात बाळकूमला आहे. अशा ठिकाणी विद्यापीठाने स्वतःच्या अर्थसंकल्पातून दोन, फक्त दोन, पण प्रत्येकी तीन वर्षांची पोस्टडॉक पदं तयार करावीत. लेव्हल 10 चं मूळ वेतन, त्यावर महागाई, घरभाडं, पीएफ. वरच्या हिशोबाने दोघांचा खर्च वर्षाला पंचवीस ते तीस लाखांच्या आसपास. एवढ्या मोठ्या विद्यापीठाला हे झेपतं. आणि एकदा अशी पदं उभी राहिली की आयोगाच्या तिसऱ्या अटीत ती आपोआप बसतात, कारण मिळणारी रक्कम प्राध्यापकाएवढीच असेल. नियम बदलण्याची वाटही बघावी लागणार नाही.

केंद्राने एवढं केलं तरी माझं समाधान होईल. फेलोशिपची रक्कम लेव्हल 10 शी कायमची बांधावी, महागाई भत्त्यासकट. सगळ्या योजनांत घरभाडं सारखं असावं. आणि सरकारने स्वतः ठरवलेल्या दरावर काम केलेल्या माणसाला पगाराची ती अट लावू नये. तिसरी गोष्ट करायला एक पैसाही लागत नाही, एक ओळ दुरुस्त करावी लागते.

रविवारी विद्यार्थिनीला मी शेवटी प्रयोगशाळेचाच कागद घ्यायला सांगितलं. तिचे हात त्या कामासाठी आहेत, एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला ते मी पाहिलंय. पण त्याआधी मी पेन घेऊन त्या कागदावर दोन ठिकाणी खुणा करून दिल्या. मानधनाच्या रकान्यात ‘एकत्रित’ लिहिलं होतं, तिथे घरभाडे भत्ता वेगळा दाखवून घे, म्हटलं. आणि मुदतीच्या रकान्यात सहा महिन्यांऐवजी प्रकल्पाची उरलेली मुदत, एकवीस महिने, लिहून माग. रुजू होण्याआधी माग, नंतर कुणी ऐकत नाही. प्रकल्प प्रमुखांना मेल काय लिहायची, ते आम्ही दोघींनी मिळून तिच्या फोनवर लिहिलं. तिची मुलगी तोवर माझ्या सोफ्यावर झोपी गेली होती. सोमवारी सकाळी तिने मेल पाठवली. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.